रिकाम्या बरणीचं वजन

“इल ए तारे, व्होत्र बोकाल?” काउंटरमागच्या मुलीने विचारलं आणि माझं सहा महिन्यांचं फ्रेंच जागच्या जागी बसलं.

मी घरून वाक्य पाठ करून गेलो होतो. पॅरिसला चिकटून असलेल्या माँत्रय गावात मी राहतो. तिथे घराजवळ सुटं धान्य विकणारं एक दुकान आहे. डाळी, तांदूळ, शेवया सगळं उंच पारदर्शक नळ्यांत भरलेलं. आपण आपली बरणी न्यायची, खालची कळ दाबायची, हवं तेवढं घ्यायचं. याला ‘आँ व्राक’ म्हणतात, म्हणजे सुटं. मला मसूर डाळ हवी होती आणि फोनवरच्या धड्यात ‘घरातला कचरा टाळण्यासाठी रोजची वाक्यं’ नुकतीच झाली होती. “झे मों बोकाल”, मी माझी बरणी आणली आहे. हे वाक्य मी न अडखळता म्हटलं, मुलगी हसली, आणि मग तिने तो उलटा प्रश्न टाकला. ‘तारे’ हा शब्द मला ऑफिसमुळे माहीत होता. सर्व्हर पडला की शेजारचा सहकारी तो मॅनेजरबद्दल वापरतो. अर्थ : ठार वेडा. म्हणजे ही मुलगी मला विचारत होती, “तुमची बरणी वेडी आहे का?”

मी “नाही” म्हणालो. योगायोगाने उत्तर बरोबर होतं.

ती विचारत होती की रिकाम्या बरणीचं वजन केलंय का. ते आधी करून बरणीवर लिहायचं असतं, म्हणजे नंतर काचेचे पैसे डाळीत धरले जात नाहीत. ‘ला तार’ म्हणजे ते रिकामं वजन. घरी येऊन शब्दकोश उघडला तेव्हा कळलं की हा शब्द मुळात अरबीतून आलाय, आणि तिथे त्याचा अर्थ वगळणं, टाकून देणं. कचरा टाळायला गेलो आणि पहिलाच शब्द ‘टाकलेलं’ असा निघाला.

पण मला त्या संध्याकाळी आठवलं ते वेगळंच. लहानपणी सांगलीत मी किटली घेऊन सुटं तेल आणायला जायचो तेव्हा आई मागून ओरडायची, “धडा करून घे रे!” दुकानदार रिकामी किटली एका पारड्यात ठेवायचा, दुसऱ्यात वजनं आणि चार खडे टाकून काटा मधोमध आणायचा. तो धडा. मराठीतला हा शब्द मी वीसेक वर्षांत उच्चारला नव्हता. फोनमधल्या फ्रेंचच्या धड्याने मला तो परत दिला. आणि त्या धड्यात ‘तार’ हा शब्द नव्हताच. ज्या शब्दावाचून दुकानात पुढचं पाऊल टाकता येत नाही, नेमका तोच गाळलेला.

इथून माझी तक्रार सुरू होते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘हॅपी पाथ’ म्हणतो, तसे हे धडे असतात. तुम्ही वाक्य म्हणता, समोरचा मान डोलावतो, संपलं. समोरच्याने काही उलट विचारलं तर काय, याचा विचार नाही. शिवाय वाक्यं जुनी झालेली. “पिशवी नको, मेर्सी” हे पहिलं वाक्य. फ्रान्समध्ये १ जुलै २०१६ पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या पिशव्या बिलाच्या काउंटरवर द्यायला बंदी आहे. जाडजूड कापडी किंवा कागदी पिशवी मिळते, ती बहुधा विकतच. न मागता कुणी पुढे करत नाही, मग नको कशाला म्हणायचं? “पावती छापू नका” हे दुसरं. १ ऑगस्ट २०२३ पासून पावती आपोआप छापायची नाही असाच नियम आहे. आता दुकानदार विचारतो, “व्हू व्हुले ल तिके?” आणि हवी असेल तर तुम्ही हो म्हणायचं. म्हणजे धडा ज्या जगात नको म्हणायला शिकवतो, त्या जगात आता हो म्हणायला शिकायला हवं.

ही चूक अपडेट टाकून दुरुस्त होईल. माझी खरी अडचण सुरापाशी आहे. त्या धड्यातली बहुतेक वाक्यं नकाराची होती : पिशवी नको, स्ट्रॉ नको, पावती नको, जाहिरातीची पत्रकं नकोत. आणि सगळी ‘झ’ने सुरू होणारी, म्हणजे ‘मी’ने. मी आणतो, मी टाळतो, मी वापरत नाही. परक्या देशात नवा आलेला माणूस ‘मला द्या’ हे नीट म्हणायला शिकण्याआधी ‘मला नको’ म्हणायला शिकतो. ज्याच्यापुढे कुणी काही ठेवलेलंच नाही, त्याने हे वाक्य कुठे वापरायचं? कचरा उचलणाऱ्याला काय म्हणतात, वेचणाऱ्याला काय म्हणतात, विकत घेणाऱ्याला काय म्हणतात, हे त्या धड्यांत कुठेच येत नाही. कचरा जणू माझ्या आणि माझ्या चांगुलपणाच्या मधली खाजगी गोष्ट.

मला हे इतकं का टोचलं ते सांगतो. माझ्या वडिलांचं सांगलीत रद्दीचं दुकान आहे. पुण्यात ए-वनच्या वर्गात बाईंनी सगळ्यांना एकेक करून विचारलं होतं, वडील काय करतात. कुणाचे इंजिनिअर, कुणाचे बँकेत. मी म्हणालो, “इल ए कोमेर्सां.” व्यापारी आहेत. खोटं नाही. पण ‘कोमेर्सां’ म्हणताना मला जो सुटल्यासारखा आनंद झाला, तो मला अजून आठवतो. मराठीत हे जमलं नसतं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर एकाने आमचं दुकान पाहिलं होतं आणि चारही वर्षं माझं नाव ‘पुठ्ठा’ होतं. नवी भाषा शिकण्याची एक मजा ही की तिच्यात तुमचं टोपणनाव कुणाला माहीत नसतं.

तर हे धडे मी वैतागून बंद केले आणि त्याऐवजी एक सिनेमा लावला. ऑफिसातल्या एकीने सुचवला होता, “कचऱ्याचं फ्रेंच शिकायचंय तर हा बघ” म्हणून. आन्येस वार्दाचा ‘ले ग्लानर ए ला ग्लानझ’, २००० सालचा माहितीपट. जेमतेम सव्वा तासाहून थोडा मोठा. मला चार संध्याकाळी लागल्या, कारण खाली फ्रेंच अक्षरं लावून, दर वाक्याला थांबवून, वहीत शब्द उतरवत पाहिला. सिनेमा पाहायची ही काही योग्य रीत नव्हे. पण हा सिनेमा त्या रीतीलाही पुरून उरतो, कारण तो सुरूच होतो शब्दकोशापासून. जाडजूड लारूस, त्याच्याजवळ मांजर, आणि ‘ग्ला’ने सुरू होणारा शब्द : ग्लाने.

याला इंग्रजीतून मराठीत आणायला गेलं की ‘वेचणे’वर थांबायला होतं. नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि तो शेतातला आहे : सरवा. पीक काढून झाल्यावर रानात जी कणसं, ज्या शेंगा मागे राहतात तो सरवा. माझी आजी जत तालुक्यातली. भुईमूग निघाला की ती सरव्याला जायची, मालकाला विचारून, ओटीत शेंगा भरून आणायची. वार्दाच्या सिनेमात म्हाताऱ्या फ्रेंच बायका कंबरेत वाकून दाखवतात की असं वाकायचं, असा पदर धरायचा, तेव्हा मला खालची अक्षरं वाचायची गरज पडली नाही.

नावातलं व्याकरण पाहा. ‘ले ग्लानर’ म्हणजे सरवा वेचणारे, अनेकवचन. ‘ला ग्लानझ’ म्हणजे सरवा वेचणारी, एक बाई. ती बाई स्वतः वार्दा. इंग्रजीत या नावाचं शेवटचं टोक ‘आणि मी’ असं झालं आणि फ्रेंचमधली गंमत गेली. फ्रेंचमध्ये ती ‘मी’ म्हणतच नाही. स्वतःला वेचणाऱ्यांच्या रांगेत त्याच शब्दाने उभी करते, फक्त प्रत्यय बदलते. आरासच्या संग्रहालयात झ्यूल ब्रतोंचं चित्र आहे, खांद्यावर गव्हाची पेंढी घेऊन ताठ उभी असलेली बाई. वार्दा त्या चित्राशेजारी तशीच पेंढी घेऊन उभी राहते, मग पेंढी टाकते आणि हातात छोटा डिजिटल कॅमेरा घेते. मिलेच्या प्रसिद्ध चित्रातल्या तिघी वाकलेल्या आहेत, ही ताठ आहे. सत्तरीतली बाई ताठ उभी असलेली वेचणारी निवडते, ही काही सहज झालेली गोष्ट नसावी.

मग सिनेमा फिरत जातो. ठरलेल्या मापात न बसणारे बटाटे रानात ओतून दिलेले. त्यातला बदामाच्या आकाराचा बटाटा वार्दा उचलून घरी नेते. प्रामाणिकपणे सांगतो, इथे मी चिडलो. कचऱ्यात सौंदर्य शोधणं ही ज्यांना कचऱ्यात हात घालावा लागत नाही त्यांची हौस असते, असं माझं ठाम मत होतं. बापाच्या दुकानात मी सुट्टीभर गठ्ठे बांधलेत. ओल्या वर्तमानपत्राला, शाईला, उंदरांच्या लेंड्यांना जो वास येतो त्याचा बदाम होत नाही.

पण ती तिथे थांबत नाही म्हणून मीही थांबलो नाही. काळा झगा घातलेला वकील दंडसंहितेचं लाल पुस्तक घेऊन चक्क भाजीच्या रानात उभा राहतो आणि सांगतो की पीक निघाल्यावर, सूर्योदय ते सूर्यास्त, वेचणाऱ्याला हक्क आहे. दुसरी वकीलबाई शहरातल्या रस्त्यावर टाकून दिलेल्या सामानाशेजारी उभी राहून सांगते की ज्याने टाकलं त्याचं ते उरलेलं नाही. या दोन दृश्यांवर अनेक जण हसतात. मला ती सगळ्यात गंभीर वाटतात. फोनमधल्या धड्यात कचरा म्हणजे माझी सवय होती. इथे कचरा म्हणजे मालकी : कुणाचं, कधीपर्यंत, आणि कोण ठरवणार.

याचं उत्तर प्राद गावच्या प्रसंगात मिळतं. काही बेघर तरुण सुपरमार्केटच्या कचरापेट्या उपसत होते. दुकानाने टाकलेल्या अन्नावर जावेल ओतलं. जावेल म्हणजे ब्लीच, पॅरिसमधल्या जावेल नावाच्या भागावरून पडलेलं नाव. प्रकरण कोर्टात गेलं. वार्दा मुलांशी बोलते, दुकानवाल्याशी बोलते, न्यायाधीशबाईंशीही बोलते, आवाज कुणावर चढवत नाही. सोळा वर्षांनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, फ्रान्सने कायदा केला : खाण्याजोगं न विकलेलं अन्न मुद्दाम नासवायचं नाही, आणि ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांनी ते दान करण्यासाठी संस्थांशी करार करायचा. सिनेमामुळे कायदा झाला असं मी म्हणत नाही. पण ‘पिशवी नको, मेर्सी’ पाठ करणाऱ्याला हा प्रसंग दाखवला नाही तर त्याला या भाषेत कचरा हा शब्द अर्धाच कळेल.

आता त्या माणसाबद्दल. बाजार उठल्यावर तो फुटपाथवर पडलेली सफरचंदं, पाव, भाजीची पानं गोळा करतो आणि उभ्या उभ्या खातो. जीवशास्त्र शिकलेला. कशात कुठलं जीवनसत्त्व ते जाणून खातो. वार्दा त्याच्या मागे मागे जाते आणि कळतं की तो स्थलांतरितांच्या एका वसतिगृहात राहतो, आणि रोज संध्याकाळी तिथल्या लोकांना, बहुतेक माली आणि सेनेगलमधून आलेल्यांना, फुकट लिहायला-वाचायला शिकवतो. फळा, खडू, बाकांवर थकलेली मोठी माणसं.

मी चौथ्या संध्याकाळी, वहीत शब्द उतरवत, हे दृश्य पाहत होतो. पेन खाली ठेवलं. मी फ्रेंच शिकण्यासाठी कंपनीच्या पैशांनी ॲप वापरतोय आणि पडद्यावर एक माणूस बाजारातलं पडीक खाऊन तीच भाषा फुकट वाटतोय. वार्दा इथे संगीत वाजवत नाही, त्याला संत करत नाही. तो कसा बोलतो, फळ्यावर काय लिहितो, एवढंच. पूर्ण सिनेमात मला हेच सगळ्यात मोठं वाटलं, आणि बदामाचा बटाटा मी तिथे माफ केला. जी नजर बटाट्यावर थांबते तीच या माणसाच्या मागे जायला तयार होते. एक नको आणि दुसरं हवं, असं म्हणता येत नाही.

तरी एक तक्रार उरते, आणि ती रद्दीवाल्याच्या पोराची आहे. या सिनेमात लोक वेचतात ते बहुतेक स्वतःसाठी किंवा कलेसाठी. कुणी खातं, कुणी फ्रीज दुरुस्त करतं, कुणी बाहुल्यांचे मनोरे रचतं. पण भाव करणारा माणूस जवळपास नाही. काटा नाही. वेचलेलं विकत घेऊन, निवडून, बांधून पुढे पाठवणारा जो मधला माणूस, ज्याच्या जिवावर वेचणाऱ्याला रोख पैसे मिळतात आणि जो त्याच वेळी काटा मारायलाही कमी करत नाही, तो वार्दाला दिसला नाही. किंवा आवडला नाही. धंदा म्हटला की कविता संपते असं तिलाही वाटलं असेल. फ्रान्समध्ये तो माणूस होता. त्याला आणि त्याच्यासाठी वेचणाऱ्यांना शिफोनिए म्हणत, शब्दशः चिंध्यावाला.

शिफोनिएची गोष्ट कचरापेटीच्या नावातच दडली आहे. फ्रेंचमध्ये कचरापेटी म्हणजे ‘पुबेल’. अजेन पुबेल हा पॅरिसचा प्रशासक होता. १८८३ च्या नोव्हेंबरात त्याने हुकूम काढला : प्रत्येक घरमालकाने झाकणाच्या पेट्या ठेवायच्या, आणि एक नव्हे, तीन. एक कुजणाऱ्या गोष्टींसाठी, एक कागद-चिंध्यांसाठी, एक काच, खापऱ्या आणि कालवांच्या शिंपल्यांसाठी. वर्तमानपत्रांनी टर उडवून पेटीलाच त्याचं नाव दिलं. घरमालक खर्चाने चिडले आणि चिंध्यावाले पोटाने, कारण रस्त्यावरचा मोकळा ढीग झाकणाखाली गेला. आज माँत्रयमध्ये कुठल्या झाकणाखाली काय टाकायचं ते माझ्या इमारतीतली शेजारीण मला प्रेमाने पण तिसऱ्यांदा समजावते. तेव्हा मला वाटतं की ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेच्या नावात ही वर्गवारी १९९३ पासून आहे, आणि तिथे ती वस्तूंपाशी संपत नाही, पुढे ‘कष्टकरी’ असं लिहिलंय. ‘पुबेल’मध्ये उरला तो अधिकारी. चिंध्यावाल्याचं नाव कुठल्याच पेटीला पडलं नाही.

उचलणाऱ्याचा शब्द मला मार्च २०२३ मध्ये शिकायला मिळाला, रस्त्यावरच. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्ध पॅरिसच्या सफाई कामगारांनी संप केला. दहा हजार टनांच्या आसपास कचरा फुटपाथवर साचला, पाचव्या विभागात माझ्या खांद्याएवढे ढीग होते. ‘एबुअर’, सफाई कामगार. ‘बू’ म्हणजे चिखल. चिखल काढणारा. त्या तीन आठवड्यांत ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या तोंडी हा शब्द होता, कुणी शिवी देत, कुणी बाजू घेत. त्याआधी सहा महिन्यांत मी तो एकदाही ऐकला नव्हता. कचरा वेळेवर जात होता तोवर तो माणूस भाषेतही दिसत नव्हता.

फ्रेंचमध्ये ‘पँ पेर्द्यू’ म्हणून पदार्थ आहे, वाळलेला पाव दुधा-अंड्यात भिजवून भाजलेला. शब्दशः ‘हरवलेला पाव’. आपली फोडणीची पोळी तशीच, पण आपण नाव फोडणीवरून ठेवलं. ती शिळी असल्याचा उल्लेख टाळला. फ्रेंच माणूस हरवल्याचं नावातच कबूल करतो आणि वर साखर भुरभुरवतो. यात कोण जास्त प्रामाणिक, हे मला ठरवता आलेलं नाही. ‘गाशी’ हा शब्दही असाच. अन्नाची नासाडी म्हणजे गाशी, आणि हुशार मुलगा वाया गेला तरी “केल गाशी!” असे शब्द फोनमधला धडा पहिल्या अर्थापाशी सोडून देतो. वार्दा दुसऱ्या अर्थाने बनवते.

मागच्या रविवारी वडिलांशी बोलत होतो. २०१९ च्या पुरात त्यांच्या दुकानातली सगळी रद्दी भिजली होती. ओल्या कागदाचं वजन दुप्पट होतं आणि भाव शून्य, हे तेव्हा ते हसत सांगायचे, आणि मला ते हसणं ऐकवायचं नाही. या वेळी मी त्यांना सिनेमाबद्दल सांगितलं. सरव्याचं सांगितलं, ते म्हणाले, “आई जायची की.” वकिलाचं सांगितलं, ते “बरोबर आहे” म्हणाले. मग त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला.

“तिकडे रद्दीला काय भाव?”

म्हटलं, अण्णा, इथे घरची रद्दी कुणी विकत घेत नाही. पिवळ्या झाकणाच्या पेटीत टाकायची, गाडी येऊन नेते. वर कचरा उचलण्याचा कर असतो, तो घरभाड्याबरोबर माझ्याकडूनच जातो.

ते जरा वेळ गप्प होते. मागे दुकानात कुणीतरी काट्यावर काहीतरी टाकल्याचा आवाज आला.

“म्हणजे माल पण तूच द्यायचा आणि पैसे पण तूच द्यायचे?” ते म्हणाले. “आणि तुला इंजिनिअर कुणी केला?”